बोटाचं टोक गेलेल्या भाच्याला टोनी आयोमी दाखवू का?

उद्यमनगरचा_मामा
नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण नीट विचारायचंय म्हणून सगळं सांगतो.

माझा भाचा २२ वर्षांचा. डिप्लोमा करून इथं कोल्हापुरात एका शेडमध्ये कामाला लागला होता. शेडचं नाव घेत नाही. याचं काम वेल्डिंगचं. एके दिवशी पॉवर प्रेसवरचा माणूस आला नाही, म्हणून याला प्रेसवर बसवलं. गार्ड काढून ठेवलेला. डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं, अर्ध्या नखापर्यंत. अडीच महिने झाले. जखम भरली, पण पोरगं भरून आलेलं नाही. कॉलेजात असल्यापासून गिटार वाजवतो, गणपतीत, गॅदरिंगला, मित्रांच्या हळदीला. आता गिटार माळ्यावर टाकलीय. 'मामा, विकून टाक' म्हणाला.

मी स्वतः १९९४-९५ पासून ब्लॅक सॅबथ हा इंग्लंडचा मेटल बँड ऐकतो, तेव्हा कॅसेटी एकमेकांकडून भरून घ्यायचो. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याची गोष्ट तेव्हापासून माहीत आहे. १९६५ साल, बर्मिंगहॅम, पत्र्याचा कारखाना, वय १७. याचं काम वेल्डिंगचं, प्रेसवरची व्यक्ती आली नाही म्हणून याला प्रेसवर बसवलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे पट्टीवर तारा दाबणारा हात हाच. त्यात तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता, बँडबरोबर दौऱ्यावर निघायचं ठरलं होतं. इतकी वर्षं ही गोष्ट मी नुसती ऐकलेली. भाच्याचा फोन आला त्या दुपारी ती पोटात उतरली.

माझे प्रश्न दोन. एक, आयोमीचं कुठलं लाइव्ह वाजवणं त्याला दाखवू? मला भाषण द्यायचं नाही, हात दिसला पाहिजे. दोन, हेवी मेटलचा आवाज त्या अपघातामुळे घडला असं म्हणतात ते कितपत खरं? खोटा धीर द्यायची माझी इच्छा नाही.

हलगीवाला
वाचून गलबललो मामा. पोराला सांगा, आम्ही सगळे आहोत.
१९७० चं युरोपातलं चित्रण बघा. बँडमधले चौघं पंचविशीच्या आतले, स्टेज लहान, कॅमेरा जवळ. गेलेल्या बोटांवर आयोमी घालतो त्या टोप्या स्पष्ट दिसतात असं नाही, पण हात दिसतो.

रँडीभक्त
माझं मत जरा वेगळं आहे, राग नसावा. लाइव्ह वाजवणं म्हटलं की माझ्यासाठी गिटारवादक रँडी ऱ्होड्स. सॅबथचा गायक ओझी वेगळा झाल्यावर त्याच्याबरोबर दोन-अडीच वर्षंच मिळाली त्याला. १९ मार्च १९८२ ला विमान अपघातात गेला, वय २५. त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग १९८७ ला बाहेर आलं, ते ऐका. प्रत्येक सोलो स्टुडिओतल्यापेक्षा पुढे गेलेला. त्याच्यापुढे आयोमी स्टेजवर एका जागी उभा. काळे कपडे, गळ्यात क्रॉस, मान खाली. बघण्यासारखं काय आहे त्यात?

शुक्रवार_पेठ
@रँडीभक्त भावा, मामांनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय! ऱ्होड्स थोर आहेच, पण त्याची दहाही बोटं शाबूत होती. इथं प्रश्न बोटाचा आहे.

आणि 'एका जागी उभा' याबद्दल. आयोमीच्या त्या दोन बोटांना तार लागत नाही, प्लास्टिकच्या टोपीला लागते. किती दाबलं, तार कुठं आहे, हे त्याला कातडीतून कळतच नाही, त्यानं स्वतः हे बऱ्याचदा सांगितलंय. कळतं ते कानानं. असा माणूस स्टेजभर उड्या मारत नाही. तो उभा राहतो आणि ऐकतो. मला तर त्याचं उभं राहणं हीच बघण्याची गोष्ट वाटते.

हाताची_ताई
मी हातांच्या दुखापतींवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी कामाचं बोलते. संगीताचं मला फार कळत नाही.

मामा, जखम वरून भरली तरी टोकाला साधा स्पर्श झणझणतो का? गार पाण्यानं कळ येते का? तसं असेल तर आत्ता तारेवर बोट ठेवायला सांगू नका. आधी टोकाला स्पर्शाची सवय करावी लागते. कापूस, मग मखमल, मग टॉवेल, मग तांदळाच्या वाटीत बोट घालून फिरवणं. दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा वेळ. काही जणांच्या टोकाशी नसेची छोटी गाठ होते आणि ती दाबली की वीज चमकल्यासारखी कळ येते. तसं असेल तर सर्जनला दाखवा, सहन करत बसू नका.

दुसरं. अडीच महिने म्हणजे फार नाहीत. अशा पोरांना मी बघते. कुणी 'अमक्यानं केलं, तू पण करशील' म्हटलं की ती मान हलवतात आणि परत येत नाहीत. त्यानं विचारेपर्यंत थांबा असं मी म्हणेन.

उद्यमनगरचा_मामा
ताई, मनापासून आभार. गार पाण्यानं कळ येते हे खरं. तांदळाचं आजपासूनच सुरू करतो. दाखवायची घाई करत नाही.

जुना_टर्नर
वय ६१. तीस वर्षं मशीनवर काढली, शिरोलीत आणि त्याआधी उद्यमनगरात. माझ्या उजव्या तर्जनीचं पेर १९८९ ला गेलं. मी काही वाजवत नाही, फक्त भजनात टाळ धरतो. टाळाचा दोरा तर्जनीत अडकवायचा असतो, तो मधल्या बोटात अडकवायला शिकलो. महिनाभर ठेका चुकायचा. बाकीचे मागं वळून बघायचे. मग नाही चुकला.

गार्ड काढून प्रेस चालवणं हा गुन्हा आहे, तेव्हाही होता आणि आताही. दोन बोटांचा माल जास्त निघावा म्हणून काढतात. पोराला भरपाई मिळाली का? कागदपत्रं नीट ठेवा.

उद्यमनगरचा_मामा
काका, कागदपत्रं चालू आहेत. टाळाचं तुम्ही लिहिलंय ते त्याला वाचून दाखवणार आहे. कुठल्याही इंग्रज माणसाच्या गोष्टीआधी हे.

तीव्र_मध्यम
मामांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मी मेटलवाला नाही, आमच्या घरात जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं. पण माझ्या मुलीमुळे हे सगळं ऐकू लागलो.

त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं, बँडच्याच नावाचं, त्याच्या सुरुवातीच्या सुरावटीत आयोमी तीनच स्वर वाजवतो. पेटीची पांढरी पाच सा धरा. खालचा सा, वरचा सा, आणि मग काळी एक, म्हणजे तीव्र मध्यम. बस्स. सगळं भय त्या तिसऱ्या स्वरात आहे आणि त्यावर तो बोट थरथरवत ठेवतो. बासिस्ट गीझर बटलर इंग्रज संगीतकार होल्स्टच्या 'मार्स'ची सुरावट वाजवत बसायचा, त्यातून हे सुचलं असं ते सांगतात. पाश्चात्त्य संगीतात हे अंतर अस्वस्थ करणारं मानतात. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनमध्ये संध्याकाळ उजळतो, आणि मारव्यात पंचम नसल्यामुळे जीव टांगून ठेवतो. आयोमीही त्या तिसऱ्या स्वरावर तसाच जीव टांगून ठेवतो. मला तो मारव्याच्या बाजूचा माणूस वाटतो.

आता अपघाताबद्दल. आपल्या कोल्हापुरात हा प्रश्न नवा नाही. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांचे दरबार गायक होते. त्याच्या आधी, तरुणपणी, अतोनात गाऊन त्यांचा आवाज गेला होता. परत आला तो पूर्वीचा नव्हता, जड झालेला. त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. वक्र, पेचदार, लयीच्या अंगानं जाणारी. केसरबाई, मोगूबाई, पुढे भुर्जी खाँसाहेबांकडून मल्लिकार्जुन मन्सूर, सगळे त्या बांधणीवर उभे राहिले. ज्यांचे आवाज उत्तम होते तेसुद्धा! हा मुद्दा मला फार मोठा वाटतो. एकाच्या गळ्याची अडचण दुसऱ्यांच्या गळ्यात वैभव झाली.

रँडीभक्त
@तीव्र_मध्यम नमस्कार काका, ही पोस्ट मी तीनदा वाचली. पांढरी पाचवर पेटी धरून बघितलं, अंगावर काटा आला.
पण एक विचारतो. आवाज गेलेले पुष्कळ गवई असतील, बोटं गेलेले पुष्कळ वादक असतील. सगळ्यांनी घराणं काढलं नाही. मग श्रेय अपघाताला का?

शुक्रवार_पेठ
बरोबर प्रश्न. मी १४ वर्षं गिटार शिकवतो, माझ्या परीनं मांडतो.

अपघातानं काय केलं ते मोजता येतं. पहिलं, टोप्या. साबणाच्या बाटलीचं प्लास्टिक वितळवून गोळा केला, भोक पाडून बोटात बसेल असा घासला, वर जुन्या जाकिटाचं चामडं लावलं. दुसरं, तारा. जाड तारा त्या टोप्यांनी दाबता येईनात आणि तेव्हा गिटारच्या पातळ तारा मिळत नसत, म्हणून त्यानं बँजोच्या तारा लावल्या. आज कुठल्याही दुकानात पातळ तारांचा संच मिळतो, त्याला तेव्हा बनवणारे 'कोण घेणार' म्हणत होते. तिसरं, बोटांची रचना. शाबूत राहिली तर्जनी आणि करंगळी, भार त्यांच्यावर. तीन-चार बोटांचे अवघड कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वर) सोडून दोन-तीन स्वरांचे भरीव कॉर्ड. चौथं, १९७१ च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार दीड स्वर खाली. पेटीवाल्यांसाठी, पांढरी तीनवरून काळी एकवर. तार सैल, ओढायला सोपी, आवाज जाड.

पण ह्यातलं एकही पाऊल अपघातानं उचललं नाही, माणसानं उचललं. शिवाय पहिले दोन अल्बम, दोन्ही १९७० चे, नेहमीच्याच पट्टीत आहेत. तरी ते जड वाजतात. ते त्याच्या हातातलं आणि डोक्यातलं आहे. म्हणून मी पोरांना सांगतो, अपघातानं दार बंद केलं एवढंच, भिंत त्यानं स्वतः फोडली.

बर्मिंगहॅम_ते_बिंदू_चौक
मूळचा कोल्हापूरचा, कामानिमित्त सहा वर्षं बर्मिंगहॅमला आहे. धागा बघून राहवलं नाही.

इथं ब्रॉड स्ट्रीटवर कालव्यावरच्या एका पुलाला ब्लॅक सॅबथचं नाव दिलंय, २०१९ मध्ये. त्यावर चौघांचे चेहरे असलेलं बाक आहे. शनिवारी लोक पोरांना घेऊन बसतात, फोटो काढतात. २०२३ ला शहराच्या बॅले कंपनीनं सॅबथच्या संगीतावर बॅले बसवला, पहिल्या प्रयोगाला शेवटी आयोमी स्वतः गिटार घेऊन आला. मी गेलो होतो. माझ्या शेजारी पंच्याहत्तरीच्या बाई मोत्यांची माळ घालून बसलेल्या, आणि त्या रडत होत्या. त्यांचे वडील म्हणे अ‍ॅस्टनच्या, म्हणजे बँडच्या मूळ वस्तीतल्या, कारखान्यात होते.

इथली कारखान्यांची वस्ती बघितली की मला आपलं उद्यमनगर आठवतं. लहान शेड, घरालगत वर्कशॉप, दारात कास्टिंगची रास. गळ्यातले क्रॉस सुद्धा ओझीच्या वडिलांनी करून दिलेले, ते टूलमेकर होते. म्हणजे मेटल बँडचा दागिना टूलरूममधून आला! मोठ्या कारखान्यांचे घण रात्रंदिवस चालायचे, तोच ठोका त्यांच्या संगीतात आला असं इथले लोक सांगतात.

हलगीवाला
ओझीच्या वडिलांचं माहीत नव्हतं. माझे वडील पण टूलरूमला होते. त्यांनी मला हलगीची कडी करून दिली होती, अजून तीच वापरतो.

साडेतीन_वाजता_मिसळ
घणाच्या ठोक्याचं मला पटत नाही. कोल्हापुरात किती दशकं फाउंड्रीज आहेत, इंजिनं बनतात, भट्ट्या पेटतात. मग आपल्याकडे का नाही झालं मेटल? आवाज कानावर पडून संगीत होत असतं तर गुजरीतल्या सोनारांनी तबला काढला असता.

हलगीवाला
झालं की! खासबागेत कुस्तीच्या मैदानाला हलगी-घुमकं ऐकलंय का? पैलवान आखाड्यात उतरला की ठेका असा चढतो की शेवटच्या पायरीवरचा म्हाताराही उठून उभा राहतो. ते आमचं मेटल. एक गंमत बघा. हलगीचा आवाज उतरला की आम्ही कागद-पाचोळा पेटवून तिला शेकतो, कातडं ताणलं की ती कडाडते. आयोमीनं उलटं केलं, तार सैल सोडून जोर काढला. दोन्हीकडं लोक उठून उभे राहतात.

ऑर्केस्ट्रा_साउंड
विषय डॉल्बीकडे जाण्याआधी बोलतो (मिरवणुकीचा वाद इथं नको, त्यासाठी वेगळा धागा आहे).

मी २० वर्षं ऑर्केस्ट्राला साउंड करतो. केशवराव भोसले नाट्यगृहात शेकडो कार्यक्रम केले, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना बाहेर उभा होतो, त्यावर आज लिहीत नाही, होणार नाही.

आयोमीच्या लाइव्ह आवाजाबद्दल एक तांत्रिक गोष्ट. बँडमध्ये गिटार एकच. दुसरा गिटारवाला नाही, की हा सोलोला गेला आणि मागं कुणी धरून ठेवलंय. ताल आणि सोलो दोन्ही हाच. तो सोलोला गेला की खाली फक्त गीझरचा बास आणि बिल वॉर्डचे ड्रम. तरी पोकळी जाणवत नाही. कारण बास गिटारच्या मागून स्वर धरत चालतो, तार ओढली तर तोही ओढतो. अ‍ॅम्प लेनीचे, बर्मिंगहॅमचेच, आणि पुढे ट्रेबल बूस्टर लावून अ‍ॅम्प भरभरून चालवलेला. लोकांना वाटतं जड आवाज म्हणजे बास वाढवायचा. आयोमी गिटारचा वरचा भाग वाढवून अ‍ॅम्पला ढकलायचा. मिक्सरवर बसणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकायला हवं.

मामा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कॅलिफोर्निया जॅम हा संगीत महोत्सव, ६ एप्रिल १९७४. दिवसाउजेडी, उघड्यावर, लाखोंचा समुदाय. अंधार नाही, धूर नाही, लपायला जागा नाही. उजेडात हात बघायचा असेल तर हेच.

रँडीभक्त
हे बघितलं आत्ता. मान्य करतो, उभं राहून ऐकणारा माणूस मला दिसला. सोलोच्या वेळी तो डोळे हातावरून काढतच नाही.

कळंबा_एक्स्प्रेस
मला १९८० नंतरचा आयोमी जास्त आवडतो, ओझीनंतरचा गायक डिओ याच्याबरोबरचा. ओझी गेला, सगळे म्हणाले संपलं. १९७८ च्या दौऱ्यात तर सुरुवातीला वाजवायला व्हॅन हेलन हा नवखा बँड होता आणि तो मैदान मारून न्यायचा. दहा बोटांनी पियानो वाजवल्यासारखी गिटार वाजवणारं पोरगं रोज आधी वाजवून जातंय, आणि मग ह्यानं दोन टोप्या घालून उभं राहायचं. मला हे नेहमी फार कठीण वाटतं. आणि दोनच वर्षांत नवा गायक घेऊन त्यानं 'हेवन अँड हेल' काढला. त्या शीर्षकगीताच्या लाइव्ह सोलोत तो घाईच करत नाही. एक स्वर लावतो, वाट बघतो.

माझ्या आयुष्यातला एकच मोठा लाइव्ह शो, अमेरिकेचा मेटल बँड मेटालिका, बेंगळुरू, ३० ऑक्टोबर २०११. एसटीनं बेळगाव, तिथून रात्रीची बस. चिखलात उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. २००६ मध्ये सॅबथला रॉक संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा स्वागताचं भाषण मेटालिकानं केलं होतं. त्या चिखलात आम्ही जे ऐकत होतो त्याचं मूळ गाव अ‍ॅस्टन, हे मला तिथं उभं असताना कळत होतं.

वाचनमात्र
पाच वर्षांत पहिल्यांदा लिहितेय. ५ जुलै २०२५ ची मैफल घरात बसून ऑनलाइन बघितली. बाहेर मुसळधार पाऊस, पंचगंगेचं पाणी वाढतंय म्हणून निम्मी गल्ली जागी. व्हिला पार्क, अ‍ॅस्टन, चौघं जिथं वाढले तिथलंच मैदान. पहाटे सॅबथ आले. ओझीला पार्किन्सन्स, सिंहासनावर बसून गायला. बिल वॉर्ड ड्रमवर. चौघं एकत्र येऊन वीस वर्षं झाली होती. आयोमी ७७ वर्षांचा, २०१२ पासून लिम्फोमा या कर्करोगाशी झुंजलेला. चारच गाणी.

ओझीचा आवाज काही ठिकाणी डगमगला. आयोमीची गिटार हलली नाही. तो ओझीकडे वळून बघत होता, आणि गाणं जिथं सैल होईल असं वाटायचं तिथं रिफ, म्हणजे त्याची परत परत येणारी सुरावट, बरोबर येऊन खाली उभी राहायची, जसं म्हातारं माणूस जिना उतरताना कुणी न सांगता शेजारी येऊन उभं राहावं. २२ जुलैला ओझी गेला.

माझे बाबा त्याच महिन्यात आजारी होते, म्हणून असेल, पण मी आयोमीचं सगळ्यात थोर लाइव्ह वाजवणं म्हणून तेच सांगेन. त्यात सोलो आठवत नाही. सांभाळणं आठवतं.

तीव्र_मध्यम
@वाचनमात्र ताई, तुम्ही लिहीत जा. साथसंगत म्हणजे काय ते तुम्ही सांगितलंत. देवल क्लबात उतारवयातल्या गवयाला साथीदार असे सांभाळताना मी पाहिलेत. गायकाचा श्वास कमी पडतो तिथं पेटी पुढे होते आणि श्रोत्याला कळूही देत नाही.

बर्मिंगहॅम_ते_बिंदू_चौक
मी त्या दिवशी मैदानाबाहेर होतो, तिकीट मिळालं नव्हतं. भिंतीपलीकडून आवाज येत होता. रस्त्यावर लोक घराच्या पायऱ्यांवर बसून ऐकत होते. एका घरातून आम्हाला पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या.

साडेतीन_वाजता_मिसळ
मामा, भाच्याचं काय? आपण सगळे वाहवत गेलो.

उद्यमनगरचा_मामा
वाहवत जा, रोज रात्री वाचतोय.

तीन आठवड्यांचा हिशोब देतो. तांदूळ, मखमल चालू आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे सर्जनला दाखवलं, गाठ नाही, नस हळवी आहे, बसेल म्हणाले. व्हिडिओ दाखवला नाही. टर्नर काकांची टाळाची पोस्ट वाचून दाखवली. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, 'त्या काकांचा ठेका किती दिवस चुकत होता?' मी म्हटलं महिनाभर. 'महिनाच?' म्हणाला.

परवा संध्याकाळी मी घरात पेटीवर तीव्र मध्यमवाले तीन स्वर धरून बघत होतो, मला पेटी येत नाही, एकेक बोटानं. तो आतून ओरडला, 'मामा, तिसरा चुकतोय, अर्धा स्वर वर जा.' मग बाहेर आला. हे कुणाचं आहे विचारलं. सांगितलं. त्यानंच मोबाईलवर शोधलं, त्यालाच बोटांची गोष्ट सापडली. रात्री दोनपर्यंत बघत बसला. सकाळी एकच प्रश्न, 'टोपीला चामडं कसलं लावलं होतं?'

हलगीवाला
लई भारी!!! चामड्याचं माझ्याकडं. हलगीचं कातडं नको, ते कच्चं असतं, घामानं मऊ पडतं आणि वाळलं की कडक. चप्पल लाइनीत जा. तळाचं चामडं म्हशीचं, जाड, उपयोगाचं नाही. पण वेणी विणायला शेळीचं पातळ कमावलेलं चामडं वापरतात, त्याचा कपटा मागा. कुणीही देईल.

हाताची_ताई
वा! दोन सूचना. टोपी घट्ट नको, बोट पांढरं किंवा निळं पडलं तर लगेच काढायची. आतून मऊ सुती कापड. सुरुवातीला पाच मिनिटं, मग हात मोकळा. टोपी काढल्यावर दहा मिनिटांत लाली गेली पाहिजे. नाही गेली तर ती बदला.

शुक्रवार_पेठ
तारा सगळ्यात पातळ संचाच्या घ्या, आणि गिटार दीड स्वर उतरवा. त्याला सांगा, पहिल्या दिवशी त्या बोटानं स्वर लावायचाच नाही. तर्जनी आणि करंगळी, दोनच. शिकवायला मी येईन, फी नको. त्याच्याकडून मलाच काही शिकायला मिळेल असं वाटतंय.

उद्यमनगरचा_मामा
काल चप्पल लाइनीत गेलो दोघं. कारागिरानं बोट हातात घेऊन बघितलं, काही विचारलं नाही, वेणीच्या चामड्याचा तुकडा कापला, पाण्यात भिजवला आणि त्याच्याच बोटावर दाबून आकार दिला. पैसे घेतले नाहीत. आत प्लास्टिकऐवजी भाच्यानं स्वतः लेथवर नायलॉनची टोपी काढली, भिंत एक मिलिमीटर. पहिली सैल झाली, दुसरी बरी बसली. लेथवर उभा राहिला हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं, अपघातानंतर पहिल्यांदाच मशीनला हात लावला त्यानं.

गिटार माळ्यावरून काढली. अजून नीट वाजत नाही. टोपी तारेवरून घसरते, स्वर फुटतो. चार मिनिटांनी ठेवून दिली. आज परत घेतली.

जुना_टर्नर
नायलॉन गुळगुळीत असतं म्हणून घसरत असेल. टोपीच्या टोकावर बारीक नर्लिंग (खरखरीत रेघा) मार म्हणावं, अगदी हलकं, चामडं धरून राहील. आणि कडेचा बर (कापताना राहिलेली धार) नीट काढ, नाहीतर आतून टोचेल.

अनामिक_सांगली
मी पण प्रेसवरच. मधलं बोट. तबला वाजवायचो. ती नायलॉनची टोपी किती लांबीची केली, बोटाच्या उरलेल्या भागावर किती चढवली, सांगाल का?

उद्यमनगरचा_मामा
दादा, एकूण लांबी १८ मिलिमीटर, बोटावर ११ चढते. पण तुमच्या बोटाचं माप वेगळं असणार. रविवारी उद्यमनगरात या, पोरगा स्वतः माप घेतो म्हणालाय.